माझा धाकटा काका

पुष्कळ घरांत असे एखादे माणूस असते की त्याचे नाव मोठ्याने घेतले जात नाही. ते वाईट असते असे नाही. पण त्याचे नाव निघाले की कोणीतरी चुलीपुढून उठते आणि डोळे पुसायला परसात जाते. आमच्या घरात असे माणूस म्हणजे माझा धाकटा काका. तो १९६१ साली गेला. त्या वेळी तो तेवीस वर्षांचा होता आणि मी नऊ वर्षांचा. आज माझी सत्तरी उलटली आहे. वयाचा हिशेब मांडला तर आता मी त्याच्या आजोबांसारखा दिसेन. पण स्वप्नात तो आला, की मी नऊ वर्षांचाच असतो आणि तो मला विचारतो, "काय मास्तर?"

मास्तर हे त्याने मला ठेवलेले नाव. ते का ठेवले, ते पुढे सांगतो.

आमचे गाव महाड तालुक्यातले, डोंगराच्या पायथ्याशी. आमच्या जिल्ह्याला तेव्हा कुलाबा म्हणत. १९८१ साली त्याचे नाव रायगड झाले. गाव म्हणजे पंचवीस-तीस उंबऱ्यांची वाडी. महाडची पेठ चार कोसांवर. मध्ये नदी. पावसाळ्यात नदी भरली की पलीकडचे जग आमच्यापुरते संपले. भाताची जमीन थोडी, बाकी वरकस. तिच्यावर नाचणी आणि वरी. एवढ्यावर घर चालत नाही, म्हणून कोकणातल्या हजारो बापांप्रमाणे माझे वडीलही मुंबईला गिरणीत होते. महिन्याला मनिऑर्डर यायची, आणि शिमग्याला व गणपतीला ते स्वतः यायचे. एरवी घरात आजी, आई, मी आणि काका. त्यामुळे बापाने मुलासाठी ज्या गोष्टी करायच्या, त्या सगळ्या माझ्यासाठी काकाने केल्या. मी त्याला अरे-तुरेच करीत असे. तो बापासारखा होता आणि थोरल्या भावासारखाही होता. अशा माणसाला अहो-जाहो कोण करणार?

काका अंगाने सडपातळ, रंगाने सावळा. हसला की त्याच्या पुढच्या दोन दातांतली फट दिसायची. त्या फटीतून तो अशी शीळ घाली, की बांधापलीकडचे बैल मान वर करीत. शेजारच्या मोठ्या गावी रोज पायी जाऊन तो सातवी पास झाला होता. आमच्या वाडीत तेवढे शिकलेला तो एकटाच. वडिलांनी त्याला मुंबईला बोलावले होते, गिरणीत बदली कामगार म्हणून चिकटवून देतो म्हणाले होते. पण तो गेला नाही. म्हणाला, "दोघेही भाऊ मुंबईत गेलो तर शेताचे बांध कोण घालील? आणि ह्या पोराला पोहायला कोण शिकवील?"

पोहायला त्याने मला खरोखरच शिकवले. कमरेला सुकट बांधून त्याने मला डोहात सोडले. सुकट म्हणजे मासळी नव्हे हो! वाळलेल्या दुधी भोपळ्याला आमच्या घरात गमतीने सुकट म्हणत. मी गटांगळी खाल्ली की तो काठावरून ओरडायचा, "पाणी पिऊ नको, वर्षभर पुरवायचं आहे!"

मिरगाचा पहिला मोठा पाऊस झाला की वलगण लागायची. कोकणातल्या श्रोत्यांना वलगण सांगायला नको, घाटावरच्यांसाठी सांगतो. पहिल्या पावसाच्या पाण्यात नदी-ओढ्यातले मासे अंडी घालायला उलटे वर चढतात, ओहोळातून थेट भातखाचरात येतात. रात्री चुडी पेटवून माणसे ते पकडायला जातात. काका मला खांद्यावर बसवायचा, वरून इरले धरायचा आणि चुडीच्या उजेडात आम्ही निघायचो. पाण्यात मासा चमकला की तो आधी मला दाखवायचा, मग पकडायचा. पण एका कालवणापुरते मासे झाले की तो मागे फिरे. शेजारी हसत, म्हणत, "अरे, टोपली तर अर्धी रिकामी!" तो म्हणे, "ह्यांच्या पोटात गाबोळी आहे. सगळीच आज खाल्ली तर पुढच्या साली चुडी कशाला पेटवायच्या?" मला त्या वेळी त्याचा रागच यायचा. टोपली भरून न्यावी असे कोणत्या मुलाला वाटत नाही?

आता मास्तर हे नाव. रात्री जेवणे झाली की आमच्या पडवीत कंदील लावून काका मोठ्या माणसांना अक्षरे शिकवीत असे. सरकारचा वर्ग नव्हता की पगार नव्हता. मुंबईहून आलेली पत्रे दुसऱ्याकडून वाचून घ्यावी लागतात, त्यात घरातली गोष्ट गावाला कळते, ह्याची लोकांना लाज वाटे. म्हणून सात-आठ बाप्ये येत. कोणाच्या हातात पाटी, कोणाच्या हातात नुसताच कोळसा आणि कौलाचा तुकडा. मी शाळेत जात होतो, म्हणून काका मला समोर उभा करी आणि म्हणे, "हे आपले मास्तर. हे अक्षर काढतील, तुम्ही बघून काढा." चाळीस-पन्नास वर्षांची माणसे माझ्याकडे बघून 'ग' काढीत. एखाद्याचा 'ग' दोन काठ्यांसारखा सुटा पडला की काका मला विचारायचा, "काय मास्तर, पास का नापास?" मी म्हणे, "पास." नापास म्हणायची माझी हिंमत नव्हती, ती माणसे मला शेतातल्या काकड्या देत असत.

आजी ह्या वर्गात बसत नसे. ती माजघराच्या दारात चिंचोके फोडत बसे. पण तिचा कान सगळा पडवीत. १९५७ च्या एप्रिलमध्ये नवे पैसे आले, आणि पुढे कितीतरी दिवस जुने आणे व नवे पैसे बाजारात बरोबरच चालत होते. रुपयाचे सोळा आणे जाऊन शंभर नये पैसे झाले. बाजारात सगळ्यांचीच तारांबळ. काकाने एका रात्री वर्गात कोष्टक सांगितले: एक आण्याचे सहा नये पैसे, चार आण्यांचे पंचवीस, आठ आण्यांचे पन्नास. दारातून आजीचा आवाज आला, "का रे, मी एकेक आणा चारदा दिला तर सहा चोक चोवीस. आणि चार आणे एकदम दिले तर पंचवीस. मधला एक पैसा गेला कुठं?"

वर्ग गप्प झाला. काका उठला, आजीच्या पुढे बसला आणि तिचेच चिंचोके घेऊन त्याने मांडणी केली. आण्याचे खरे तर सव्वासहा पैसे होतात, पण सव्वा पैशाचे नाणे नाही, म्हणून ती पाव-पाव वाटेत गळते, हे त्याने तिला समजावून दिले. मग तो वर्गाकडे वळून म्हणाला, "बघा, आपण आठ जणांनी कोष्टक पाठ केलं. विचारलं कोणी? आईनं. ठाऊक नसेल तर विचारावं. विचारायला पैसे पडत नाहीत, ना जुने ना नवे."

'ठाऊक नसेल तर विचारावं' हे त्याचे पालुपद. श्रोतेहो, पुढे अडतीस वर्षे मी शिक्षक होतो. प्रशिक्षणात शिक्षणशास्त्राची पुस्तके वाचली. पण त्या पडवीतल्या एका वाक्यापलीकडे मला फारसे लागले नाही.

त्याला स्वतःलाही विचारायचा नाद होता. १९६१ च्या एप्रिलात युरी गागारिन यानातून पृथ्वीभोवती फेरी मारून आला. ती बातमी आमच्या वाडीत दोन दिवसांनी पोचली, बाजारातून आणलेल्या मिठाच्या पुड्याबरोबर! काकाने वर्तमानपत्राचा तो कागद कंदिलापाशी नेऊन वाचला. मग जात्याच्या पाळूवर त्याने एक हरभरा ठेवला आणि जाते हळूहळू फिरवले. म्हणाला, "एकशे आठ मिनिटांत! आपण महाडला पोचायच्या आत माणूस पृथ्वी फिरून आला." आजी म्हणाली, "त्याची आई किती घाबरली असेल." काका हसला नाही. थोडा वेळ गप्प राहून म्हणाला, "हे मात्र पेपरात दिलेलं नाही."

त्याच उन्हाळ्यात त्याने मला विंचू दाखवला. आम्ही जळणासाठी लाकडे रचत होतो. प्रत्येक लाकूड उचलायच्या आधी तो काठीने त्यावर दोनदा टकटक करी. मी विचारले, "दार का वाजवतोस?" तो म्हणाला, "आत कोणी असलं तर?" आणि खरोखरच एका ओंडक्याखाली मादी विंचू निघाली. तिच्या पाठीवर तांदळाच्या कण्यांएवढी पांढरी पिल्ले गच्च बसलेली. काकाने मला चार हात दूर उभे केले आणि म्हणाला, "विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर म्हणतात ते हे. पाय मोज." मी मोजले, आठ भरले. "आता ध्यानात ठेव. आधी काठी, मग डोळे, मग हात. ह्यांचं घर आहे, आपण न विचारता हात घातला तर ती नांगी मारणारच." त्याने त्या मादीला मारले नाही. ओंडक्यासकट उचलून रानाच्या कडेला ठेवून आला.

श्रोतेहो, हे सारे मी तपशिलाने सांगतो आहे, कारण पुढची गोष्ट सांगणे मला अजूनही जड जाते.

ऑक्टोबरचे शेवटचे दिवस होते. दिवाळी आठवड्यावर आली होती. भातकापणी जोरात. काका दिवसभर भारे वाहून खळ्यावर उडवी रचत होता. मी शाळेतून येऊन अंगणात विटीदांडू खेळत होतो. विटी खैराची, काकानेच तासून दिलेली. मी कोलली ती थेट गडग्याच्या दगडांत जाऊन अडकली. दिवस मावळत होता. मला दगडांच्या फटीत ती अर्धी दिसत होती, पण हात घालायची भीती वाटत होती. इतक्यात काका डोक्यावर भारा घेऊन आला. मी रडवेल्या आवाजात म्हणालो, "काका, माझी विटी."

काठी ओट्यावर टेकून ठेवलेली होती. चार पावलांवर. मी ती आणून देऊ शकलो असतो. पण मी उभाच राहिलो, कारण मला विटी लवकर हवी होती. त्याने भारा खाली टाकला, घाम पुसला आणि त्या एका वेळेला, त्या एकाच वेळेला, त्याने नुसता हात घातला.

त्याने हात झटकन मागे घेतला. दगडावरून एक तांबूस, बोटाएवढा विंचू पलीकडे गेला. काकाचा चेहरा कसनुसा झाला. पण दुसऱ्या हाताने त्याने विटी काढली आणि माझ्या हातात दिली. म्हणाला, "जा, आत जा."

घरात येऊन त्याने एवढेच सांगितले, "गडग्यात हात गेला, विंचू चावला." विटीचे नाव काढले नाही. मीही काढले नाही.

पलीकडच्या वाडीत विंचू उतरवणारे एक म्हातारबाबा होते. त्यांना बोलावले. ते कापणी सोडून धावत आले. त्यांनी राख मंत्रून लावली, खांद्यापासून खाली हात फिरवला. त्या माणसाला मी आज दोष देत नाही. त्यांना जे येत होते ते त्यांनी मनापासून केले, कोणाकडून दिडकी घेत नसत, आणि दुसऱ्या दिवशी आमच्या अंगणात बसून ते लहान मुलासारखे रडले. दोन तासांनी काका म्हणाला, "ठणका कमी झाला." सगळ्यांनी सुटकेचा श्वास टाकला. विष उतरले म्हणून शेजारी आपापल्या घरी गेले. मी झोपलो.

मध्यरात्री माणसांच्या बोलण्याने मी जागा झालो. काकाला दरदरून घाम सुटला होता. सदरा पिळून पुन्हा घालावा इतका घाम. उलट्या होत होत्या. आजीने त्याचे पाय धरले आणि ती ओरडली, "हे तर पाण्यातल्या दगडागत गार पडलेत!" पहाटे त्याला खोकला लागला, छातीत घरघर सुरू झाली, ओठांवर फेस आला. घोंगडीची डोली करून चौघांनी त्याला उचलले आणि कंदील घेऊन ते महाडच्या वाटेला लागले. मी बेड्यापर्यंत पळत गेलो. तिथे कोणीतरी मला धरून ठेवले.

उन्हे वर आली तेव्हा डोली परत आली. ती नदीच्या पलीकडच्या काठापर्यंतच गेली होती.

घरात चूल पेटली नाही. वडील तिसऱ्या दिवशी एस.टी.ने आणि पुढे पायी आले. पडवीत खुंटीला काकाची पाटी टांगलेली होती. तिच्यावर त्याने आदल्या रात्री काढलेली अक्षरे होती. वडिलांनी ती पाटी हातात घेतली, तिच्यावरची धूळ पुसायला हात उचलला आणि तसाच खाली घेतला. लोक येत, बसत आणि म्हणत, "वेळ आली होती. काय करणार?" मी कोपऱ्यात बसून ऐके. मला ठाऊक होते की वेळ आलेली नव्हती. वेळ मी आणली होती. दहाव्याच्या दिवशी कोणी बघत नाही असे पाहून मी ती विटी न्हाणीच्या चुलीत घातली. खैराचे लाकूड. लवकर जळत नाही.

त्यानंतर नऊ वर्षे मी काकाचे नाव तोंडातून काढले नाही. घरात कोणी काढले तर मी उठून जाई.

१९७० साली मला अध्यापक विद्यालयात प्रवेश मिळाला. निघायच्या आदल्या रात्री आजी माझ्यासाठी नाचणीच्या पिठाची पुरचुंडी बांधत बसली होती. आई झोपली होती. कंदील तोच. माझ्या मनात काय आले कोण जाणे, मी बोलून गेलो, "आजी, काकानं गडग्यात हात घातला तो माझ्या विटीसाठी."

तिने गाठ मारायची थांबवली नाही. म्हणाली, "मला ठाऊक हाय."

"कसं?"

"त्यानंच सांगितलं, त्या रात्री. म्हणाला, आई, पोराला कुणी बोलू नका. काठी मी घेतली नाय, चूक माझी."

मग तिने पुरचुंडी बाजूला ठेवली आणि प्रथमच माझ्याकडे पाहिले. "नऊ वरसं तू त्याचं नाव काढलं नायस. मला वाटलं, पोर त्याला विसरलं."

श्रोतेहो, त्या रात्री आम्ही दोघे पहाटेपर्यंत काकाविषयी बोलत बसलो. त्याची शीळ, वलगण, सव्वासहा पैसे. एकाच घरात, एकाच चुलीपाशी, नऊ वर्षे एक म्हातारी आणि एक मुलगा तेच दुःख दोन वेगवेगळ्या कोपऱ्यांत घेऊन बसले होते. आणि जो माणूस मरता मरता माझी काळजी करून गेला, त्याचा तो निरोप मला नऊ वर्षे उशिरा मिळाला.

म्हणून माझ्या शिक्षकबंधूंना आणि भगिनींना एक सांगतो. आपल्या वर्गातल्या एखाद्या मुलाच्या घरी मृत्यू झाला, तर त्या मुलाला जवळ बसवा. मूल गप्प आहे म्हणजे त्याला काही कळत नाही, असे समजू नका. घरात काही वाईट घडले की मुलाला पुष्कळदा वाटते, हे माझ्यामुळे झाले. ते त्याला कोणी विचारत नाही आणि ते स्वतः सांगत नाही. त्याला विचारा. आणि दोष तुझा नाही, हे त्याला स्पष्ट शब्दांत सांगा. डोक्यावरून हात फिरवला एवढे पुरत नाही.

आता गोष्टीचा दुसरा भाग. काका लवकर दवाखान्यात पोचला असता तर वाचला असता का? ह्या प्रश्नाने मला पुष्कळ वर्षे छळले. त्याचे उत्तर मला पुढे मिळाले, तेही आमच्याच तालुक्यात.

कोकणातला काळा, मोठा विंचू दिसायला भयंकर. पण माणूस बहुधा दगावतो तो लहानसर तांबड्या विंचवाने. त्याचे विष अंगात भिनले की रक्तवाहिन्या आकसतात. पाटाचे तोंड दाबले की पाणी मागे तुंबते, तसा सगळा भार हृदयावर येतो, आणि शेवटी फुप्फुसात पाणी भरते. काकाची छाती घरघरत होती ती ह्यामुळे. बोटाचा ठणका कमी झाला तरी आतले हे काम चालूच असते. दुखायचे थांबले म्हणजे विष उतरले, हा आमचा समज चुकीचा होता.

१९७६ साली महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात डॉ. हिंमतराव बावसकर नावाचे तरुण डॉक्टर आले. ते मूळचे जालन्याकडच्या खेड्यातले. विंचू चावलेली माणसे आपल्यापुढे मरताना त्यांनी पाहिली, आणि 'वेळ आली होती' असे म्हणून ते स्वस्थ बसले नाहीत. रुग्णाच्या उशाशी बसून, घाम केव्हा येतो, हातपाय केव्हा गार पडतात, नाडी कशी चालते, हे त्यांनी टिपून ठेवले. १९८२ साली त्यांची निरीक्षणे इंग्लंडच्या 'लॅन्सेट' ह्या नामांकित वैद्यकीय नियतकालिकात छापून आली. पुढे, आकसलेल्या रक्तवाहिन्या सैल करणारे प्राझोसिन नावाचे रक्तदाबावरचे औषध त्यांनी ह्या रुग्णांना दिले आणि माणसे वाचू लागली. त्यांच्या पत्नी डॉ. प्रमोदिनी बावसकर ह्याही ह्या कामात त्यांच्याबरोबर राहिल्या. पूर्वी विष भिनलेल्या रुग्णांपैकी शंभरातले तीस-चाळीस दगावत, ते प्रमाण शंभरात एकाच्या आसपास आले. डॉ. बावसकरांना २०२२ साली पद्मश्री मिळाली. ती बातमी ऐकली तेव्हा आमच्या घरी गोड जेवण झाले होते.

म्हणजे काकाला १९६१ साली महाडला वेळेवर नेले असते, तरी ते औषध तिथे नव्हते. कोणापाशीच नव्हते. हे कळले तेव्हा मनावरचा एक दगड उतरला, आणि दुसरा चढला. आता औषध आहे, आणि तरीही जर कोणी मंत्रासाठी रात्र घालवली, तर?

ती परीक्षा १९८८ साली माझ्यापुढे आली. माझ्या शाळेतल्या चौथीतल्या एका मुलीला शेणी काढताना विंचू चावला. मी पोचलो तेव्हा तिचा बाप उतरवणाऱ्याकडे निघाला होता. मुलीच्या कपाळावर घाम, आणि तळवे हातात घेतले तर गार. तो गारवा माझ्या ओळखीचा होता. मी म्हणालो, "बोलवायचं त्याला बोलवा, पण पोरगी आत्ता माझ्याबरोबर निघते आहे." खडीचा एक रिकामा ट्रक मिळाला. रस्ताभर तिला धरून बसलो. महाडच्या दवाखान्यात तिला ते औषध मिळाले. रात्रभर डॉक्टर तिचा रक्तदाब बघत होते. तिसऱ्या दिवशी ती घरी आली, आणि आठवड्याने वर्गात.

ती वर्गात आली त्या दिवशी मी पाटीवर काही लिहिले नाही. आयुष्यात प्रथमच मुलांना माझ्या काकाची गोष्ट सांगितली, विटीसकट. त्यानंतर निवृत्त होईपर्यंत दर वर्षी कापणीच्या तोंडावर ती सांगत आलो. आज तुम्हाला सांगितली.

श्रोतेहो, कापणीत, लाकडे रचताना, गवताचा भारा उचलताना, चपला पायात घालताना एवढे ध्यानात धरा: आधी काठी, मग डोळे, मग हात. आणि विंचू चावलाच तर जखम कापू नका, करकचून दोरी बांधू नका. घाम, उलटी, गार हातपाय ह्यांतले काही दिसले तर एक घटकाही दवडू नका. मूल असेल तर ही लक्षणे दिसायचीही वाट बघू नका. जवळचे आरोग्य केंद्र गाठा. आता १०८ क्रमांकावर फोन केला की रुग्णवाहिका येते. घोंगडीची डोली करावी लागत नाही.

आमचा गडगा अजून उभा आहे. पावसाळ्यात त्याचे दोन दगड ढळतात, दिवाळीआधी मी ते परत बसवतो. माझा नातू मागे उभा राहून माझी गंमत बघतो. गेल्या खेपेला त्याने विचारले, "आजोबा, तुम्ही दगडावर काठी का वाजवता?"

मी काठी त्याच्या हातात दिली आणि म्हणालो, "बैस. तुझ्या पणजोबांना एक धाकटा भाऊ होता."